लीड की लेड? इंग्रजी मोठ्याने वाचायला बसणाऱ्यांसाठी

सेमी-इंग्रजीच्या दहावीचा विज्ञानाचा धडा मी रेकॉर्ड करत होते. लेड नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण ओतलं की पिवळाधमक साका तळाशी बसतो, तो धडा. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता, खणखणीत आवाजात ‘लीड नायट्रेट’ वाचलं. आठवड्याने ज्याच्यासाठी वाचलं होतं त्या मुलाचा फोन आला. "काकू, हे लीड म्हणजे कुठला धातू? सरांनी शिकवलेल्यात लीड नाहीच."

तो जन्मापासून पाहू शकत नाही. डोळ्यांनी वाचणाऱ्यासमोर पानावर स्पेलिंग असतं, मनातल्या मनात त्याने काहीही उच्चार केला तरी अडत नाही. या मुलाकडे फक्त माझा आवाज होता. एल-ई-ए-डी या एकाच स्पेलिंगचे उच्चार दोन: लेड म्हणजे शिसं, लीड म्हणजे पुढे नेणं. माझ्या आवाजात शिशाचा पुढारी झाला होता.

मी बार्शीच्या मराठी शाळेत शिकले, इंग्रजी पाचवीपासून. पुढे पुण्यात बँकेत नोकरी, म्हणजे रोज ढीगभर इंग्रजी. पण ती सगळी डोळ्यांची इंग्रजी. सर्क्युलर वाचायचं, सही करायची, पुढच्या टेबलावर सरकवायचं. मनात वाचताना उच्चार निवडावाच लागत नाही, हे मला निवृत्तीनंतर माइकसमोर बसल्यावर कळलं. गेली सहा वर्षं मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचते. दर जूनमध्ये नवे वाचक येतात आणि मी जिथे पडले त्याच खड्ड्यांत पडतात, म्हणून एकदाच लिहून काढते आहे. नातवंडांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्यांना, शाळेत परिपाठाला उभं राहणाऱ्यांना किंवा ऑफिसात सगळ्यांसमोर अहवाल वाचणाऱ्यांनाही हे चालेल.

बसण्याआधी जवळ काय हवं

- धड्याची झेरॉक्स. पुस्तक बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं आणि आपल्याला त्यावर भरपूर रेघोट्या मारायच्या आहेत.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, मत बदलतं.
- आवाज ऐकवणारा ऑनलाइन शब्दकोश. केंब्रिज, ऑक्सफर्ड लर्नर्स, मेरियम-वेबस्टर, तिन्ही फुकट आहेत. एक पुरतो.
- शंभर पानी वही. हिला मी शंकावही म्हणते.
- रेकॉर्डिंगसाठी मोबाइल चालतो. पंखा बंद, खिडकी बंद, कुकर उतरवलेला.
- ज्यांच्यासाठी वाचता त्या संस्थेशी रीतसर बोलणं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींना वाचता यावं म्हणून पुस्तकाचं रूप बदलून द्यायला मुभा मिळाली. ही मुभा त्यांच्यापुरती आहे. "छान झालंय" म्हणून तीच फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

१. आधी मराठीत कान तपासा

इंग्रजीला नावं ठेवण्याआधी ही वाक्यं मोठ्याने म्हणा.

"चल, आज गणितातलं चल शिकू."
"सगळं जग पालथं घातलं, पण पाण्याचा जग मिळाला नाही."
"जरा थांब, जरा आणि मरण कोणाला चुकलंय?"
"गाईला चारा चार आणि मग चार भाकऱ्या कर."

पहिल्या वाक्यातले दोन ‘चल’ तुम्ही वेगळे म्हणालात. पहिल्यात जीभ दातांमागे लागली, दुसऱ्यात टाळूला. ‘जग’चंही तेच, ‘जरा’चंही तेच. लिहिताना काडीचा फरक नाही. कोणी शिकवलं होतं? कोणीही नाही. तुम्ही अर्थ आधी धरला आणि उच्चार मागून आला.

इंग्रजीत हेच करायचं आहे. फरक एवढाच, की मराठीत अर्थ आपोआप पुढे धावतो आणि इंग्रजीत त्याला मुद्दाम पुढे पाठवावं लागतं. म्हणून पुढची पायरी.

२. माइकआधी पेन्सिल

धडा रेकॉर्ड करण्याआधी एकदा संपूर्ण, मनातल्या मनात वाचा. संशय आलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. घाई असेल तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या सोडा, पण ही सोडू नका.

माझ्या खुणा साध्या आहेत. धोक्याच्या शब्दावर देवनागरीत उच्चार लिहायचा, म्हणजे शिशावर ‘लेड’, जखमेवर ‘वूंड’. जोर कुठे द्यायचा एवढाच प्रश्न असेल तर त्या अवयवाच्या, म्हणजे शब्दातल्या उच्चाराच्या तुकड्याच्या, आधी वर एक छोटा उभा दंड. शब्दकोशातही जोराची हीच खूण असते, त्यामुळे सवय एकच राहते. या लेखातही मी तीच वापरते: ˈरेकॉर्ड म्हणजे जोर ‘रे’वर, रिˈकॉर्ड म्हणजे जोर ‘कॉर्ड’वर.

नव्या वाचकांचा ठरलेला आक्षेप: "एवढं कशाला, वाचता वाचता कळेलच की." नाही कळत. इंग्रजी वाक्यात उच्चार ठरवणारा शब्द बरेचदा मागून येतो. ‘द टेअर इन हर’ एवढं वाचून झाल्यावर पुढे ‘आय’ आहे की ‘साडी’, हे दिसतं. डोळ्याजवळ असेल तर टिअर, साडीला असेल तर टेअर. तोवर तोंडातून शब्द गेलेला असतो.

३. शब्द वाक्यात कुठलं काम करतोय ते बघा

सगळ्यात मोठं गोत्र हे. नाम असताना जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर.

ˈरेकॉर्ड म्हणजे नोंद, रिˈकॉर्ड म्हणजे नोंदवणं. ˈप्रेझंट म्हणजे भेटवस्तू किंवा हजर, प्रिˈझेंट म्हणजे सादर करणं. ˈऑब्जेक्ट वस्तू, अब्ˈजेक्ट हरकत घेणं. ˈप्रॉड्यूस म्हणजे शेतमाल, प्रˈड्यूस म्हणजे पिकवणं. ˈपर्मिट म्हणजे परवाना, पर्ˈमिट म्हणजे परवानगी देणं. हा शेवटचा लक्षात ठेवायला सोपा आहे, कारण हायवेवर ‘परमिट रूम’च्या पाट्या शेकड्याने आहेत आणि तिथे जोर कोणाचाही चुकत नाही.

मराठीत शब्दातल्या जोराने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्याला तो ऐकूच येत नाही. जोर म्हणजे ओरडणं नव्हे. जोराचा अवयव थोडा लांब आणि स्पष्ट म्हणायचा, दुसऱ्यातला स्वर गिळायचा. प्रˈड्यूसमधला पहिला ‘प्र’ जवळजवळ नसल्यासारखा. गिळणं जमलं की जोर आपोआप जमतो, असा माझा अनुभव.

काम ओळखायची युक्ती: शब्दाच्या आधी ए, ॲन, द, माय, धिस यांपैकी काही असेल तर नाम, टू, विल, कॅन, डिड नॉट असेल तर क्रियापद. दहातल्या आठ वेळा एवढ्यावर भागतं. उरलेल्या दोन वेळांसाठी दोन सापळे सांगते. एक, मध्ये विशेषण घुसतं: ‘द ओल्ड रेकॉर्ड’, इथे ‘द’ एक घर मागे आहे. दोन, ‘टू’ नेहमी क्रियापदाआधीचाच नसतो. इतिहासाच्या पुस्तकात पावलोपावली येणारं ‘लेड टू कॉन्फ्लिक्ट’ घ्या. टू आहे, पण कॉन्फ्लिक्ट इथे संघर्ष आहे, म्हणून ˈकॉन्फ्लिक्ट.

काही जोड्यांत जोराबरोबर अर्थही पार दुसऱ्या गावाला जातो. ˈडेझर्ट वाळवंट, पण डिˈझर्ट म्हणजे सोडून जाणं, आणि ओस पडलेलं गाव ‘डिझर्टेड’. जेवणानंतरचं गोडही डिˈझर्टच, मात्र त्याच्या स्पेलिंगात एस दोनदा. ˈकॉन्टेन्ट म्हणजे मजकूर, कन्ˈटेन्ट म्हणजे समाधानी. ˈरेफ्यूस म्हणजे कचरा, रिˈफ्यूज म्हणजे नकार. इनˈव्हॅलिड म्हणजे अवैध. ˈइन्व्हलिड म्हणजे आजाराने अंथरुणाला खिळलेला माणूस. ˈएन्ट्रन्स दार, एन्ˈट्रान्स भुरळ घालणं.

आता उलटा सापळा. हे कळल्यावर पुढचे पंधरा दिवस प्रत्येक शब्दावर संशय येतो. मला आला होता. रिपोर्ट, सपोर्ट, कंट्रोल, आन्सर, ऑफर हे शब्द नाम असोत की क्रियापद, जागचे हलत नाहीत. सोळाव्या शतकात जोर बदलणाऱ्या जोड्या इंग्रजीत अगदी मोजक्या होत्या, रेकॉर्ड आणि रेबेल त्यांतल्याच. पुढे त्या वाढत गेल्या. सगळे शब्द त्या वाटेने गेले नाहीत एवढं ध्यानात ठेवा आणि नियम जबरदस्तीने लावू नका.

४. शेवटी ‘एट’ असेल तर

आपण सगळे ग्रॅज्युएट, ॲडव्होकेट, सेपरेट, एस्टिमेट असं ठसठशीत ‘एट’ म्हणतो. इंग्रजीत ते ‘एट’ फक्त क्रियापदाचं. टू सेपरेट, टू एस्टिमेट, टू ग्रॅज्युएट. नाम किंवा विशेषण असेल तर शेवट दबका होतो, ‘इट’ आणि ‘अट’च्या मधला: सेप्रिट रूम, रफ एस्टिमिट, सायन्स ग्रॅज्युइट. भूमितीतले व्युत्क्रम कोन म्हणजे ऑल्ˈटर्निट अँगल्स, पण आळीपाळीने येणं हे ˈऑल्टरनेट.

खरं सांगू, या पायरीवर फार जीव काढू नका. ‘सेपरेट रूम’ म्हटलं म्हणून कोणाचा अर्थ चुकत नाही. आपली इंग्रजी आपल्यासारखी वाजणारच आणि ऐकणारी मुलंही इथलीच आहेत. अर्थ बिघडतो तिथे ताकद लावा. शिसं आणि पुढारी यांत घोटाळा चालणार नाही. ग्रॅज्युएटच्या शेपटीचा चालेल.

५. यूस की यूज

स्पेलिंग यू-एस-ई. नाम असताना ‘यूस’, क्रियापद असताना ‘यूज’; यातला ज जहाजातला, जीभ दातांना न टेकवता. तसंच एक्स्क्यूस म्हणजे सबब, एक्स्क्यूज म्हणजे माफ करणं. अब्यूस आणि अब्यूज. क्लोस म्हणजे जवळचा, क्लोज म्हणजे बंद करणं. म्हणजे ज्याला आपण जन्मभर क्लोज फ्रेंड म्हटलं तो मुळात क्लोस फ्रेंड होता.

हाउस हे घर, हाउज हे सामावून घेणं: ‘द म्युझियम हाउजिज’. अनेकवचनी घरंसुद्धा हाउजिजच होतात, तेवढा अपवाद. आणि हाउसिंग सोसायटी ही खरी हाउजिंग सोसायटी आहे, पण तुमच्या सेक्रेटरींना सांगायला जाऊ नका.

‘यूज्ड’ एकटा आला तर वापरलेला. त्यामागोमाग ‘टू’ येऊन सवयीचा अर्थ असेल तर ‘यूस्ट टु’, दोन्ही शब्द चिकटवून.

६. रीड आणि रेड: काळ ओळखा

वर्तमानात रीड, भूतकाळात रेड, स्पेलिंग तसूभर बदलत नाही. येस्टरडे, लास्ट इयर, हॅज, हॅड दिसलं की रेड. पण धड्यात दर वेळी कोणी ‘काल’ लिहून ठेवत नाही. तेव्हा कर्ता बघा. ‘ही’ किंवा ‘शी’ आहे, मध्ये विल, कॅन, डिड असं काही नाही आणि शब्दाला एस लागलेला नाही, मग तो भूतकाळच, म्हणजे रेड. वर्तमान असता तर रीड्स झालं असतं. ही एवढी खूण मला कोणी आधी सांगितली असती तर गोष्टींचं एक अख्खं पुस्तक मला पुन्हा वाचावं लागलं नसतं.

‘आय’ आणि ‘दे’ला ही खूण चालत नाही. तिथे आजूबाजूची क्रियापदं कुठल्या काळात आहेत ते बघून ठरवा.

७. या जोड्या पाठच करा

यांना नियम नाही. यांतले बरेचसे मुळात वेगवेगळे शब्द होते, उच्चार वेगळे, कुळ वेगळं. स्पेलिंगं एकेका रूपात पक्की होत गेली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, पुढे दोनशे-सव्वादोनशे वर्षं बोलण्यातले स्वर सरकत राहिले आणि छापलेली अक्षरं मात्र बऱ्याच अंशी जुन्या जागी बसून राहिली. आपण भांडून उपयोग नाही.

एल-ई-ए-डी: लीड म्हणजे पुढे नेणं, लेड म्हणजे शिसं. पेन्सिलीतली कांडीही लेडच, तिच्यात शिसं नसून ग्राफाइट असलं तरी. पेट्रोलमधलं शिसं देशभरात २००० साली बंद झालं ते ‘अनलेडेड’. छापखान्यात दोन ओळींमधल्या अंतराला लेडिंग म्हणतात, कारण तिथे शिशाच्या पट्ट्या घालत. आणि जादा घोटाळा: लीडचा भूतकाळही लेडच, पण स्पेलिंग एल-ई-डी.

डब्ल्यू-आय-एन-डी: विंड म्हणजे वारा, वाइंड म्हणजे गुंडाळणं. तालुक्याच्या बाजारपेठेत ‘मोटार रिवाइंडिंग’चं दुकान असतंच. तिथला कारागीर हा शब्द कधी चुकत नाही, कारण त्याच्या हातात तार असते. वळणावळणाची नदीही वाइंडिंग.

टी-ई-ए-आर: टिअर अश्रू, टेअर फाडणं. अश्रुधूर टिअर गॅस, झीज म्हणजे वेअर अँड टेअर.

बी-ओ-डब्ल्यू: धनुष्य, व्हायोलिनचा गज आणि रिबनची गाठ बो, कमरेत वाकणं आणि जहाजाचं नाक बाउ.

आर-ओ-डब्ल्यू: ओळ आणि वल्हवणं रो, भांडण राउ. रो हाउसमध्ये पार्किंगवरून जो होतो तो राउ.

एस-ओ-डब्ल्यू: पेरणं सो, डुकरीण साउ. इथेच एक मजा: गटाराला इंग्रजीत सूअर म्हणतात, स्पेलिंग एस-ई-डब्ल्यू-ई-आर. म्हणजे डुकरीण साउ आणि गटार सूअर. हिंदीवाल्यांसमोर हे वाचताना मला दोनदा रेकॉर्डिंग थांबवावं लागलं होतं. त्याच स्पेलिंगचा ‘सोअर’ म्हणजे शिवणारा.

एल-आय-व्ही-ई: राहणं लिव्ह, थेट प्रक्षेपण आणि विजेची जिवंत तार लाइव्ह.

डी-ओ-ई-एस: डझ हे रोजचं, हरिणी अनेक असतील तर डोज.

एम-ओ-पी-ई-डी: पुण्याची लूना ही मोपेड, तोंड पाडून बसला तर मोप्ट.

बी-यू-एफ-एफ-ई-टी: लग्नातलं बुफे, पण वाऱ्यालाटांचे तडाखे बसले तर ˈबफिट. समुद्रप्रवासाच्या धड्यात बुफे वाढू नका.

आर-ई-एस-यू-एम-ई: पुन्हा सुरू करणं रिझ्यूम, नोकरीसाठी पाठवतो तो रेझ्युमे. दुसऱ्याच्या शेवटच्या ‘ई’वर पूर्वी फ्रेंच मात्रा असायची, आता टायपिंगमध्ये बहुतेक जण ती गाळतात.

८. विज्ञान-गणिताच्या पुस्तकांतले खास खड्डे

कथा वाचताना चुकलं तर एक वाक्य जातं. पाठ्यपुस्तकात चुकलं तर मार्क जातात.

वाउंड आणि वूंड. वाइंडचा भूतकाळ वाउंड, जखम वूंड, स्पेलिंग एकच. विद्युतचुंबकाच्या धड्यात लोखंडाच्या गाभ्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते, म्हणजे ‘वाउंड’. जीवशास्त्रात रक्त गोठतं तिथे ‘वूंड’. एका नव्या वाचकाने विद्युतचुंबकाला धडाभर जखमी केलं होतं आणि मी तपासताना लक्षही दिलं नव्हतं.

मिनिट आणि माइˈन्यूट. पानांवरची पर्णरंध्रं अतिसूक्ष्म असतात, म्हणजे माइन्यूट ओपनिंग्ज. ‘मिनिट ओपनिंग्ज’ ऐकलं की मुलं ती मिनिटभर उघडतात असं समजतात. हे माझ्या कानांनी ऐकलंय.

ॲक्सिज आणि ॲक्सीज. कुऱ्हाडी अनेक असतील तर शेवट ऱ्हस्व. आलेखाचे अक्ष असतील तर दीर्घ. तसंच आम्लांबरोबर येणारे आम्लारी बेसिज, पण एखाद्या गोष्टीचे आधार अनेक असतील तर बेसीज.

आणि माझा लाडका शब्द: यू-एन-आय-ओ-एन-आय-एस-ई-डी. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपाबद्दल वाचत असाल तर युनियनाइज्ड, म्हणजे संघटित कामगार. रसायनशास्त्रात असाल तर अन-आयनाइज्ड, म्हणजे ज्यांचं आयनीभवन झालेलं नाही असे रेणू. वाक्याचा सूर धरून उपयोग नाही, कुठल्या विषयाचं पुस्तक हातात आहे ते बघा.

९. पहिलं अक्षर मोठं आहे का?

पॉलिश म्हणजे चकाकी; पहिलं अक्षर मोठं झालं की पोलिश, म्हणजे पोलंडचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. त्यावरचा एक लेख मी वाचला तो ‘पॉलिश चिल्ड्रन’ म्हणत. बूट पुसणारी पोरं डोळ्यांसमोर येत होती, तरी मी थांबले नाही.

इंग्लंडमधलं रेडिंग गाव दिसायला रीडिंगसारखं. फ्रान्सचं नीस दिसायला नाइससारखं. बायबलातला जोब दिसायला नोकरीसारखा. सापळा असा, की वाक्याच्या सुरुवातीला प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठंच असतं, शीर्षकातही. तिथे मोठ्या अक्षरावर विसंबू नका, पुढचं वाक्य वाचा.

१०. शब्दकोश कसा उघडायचा

शब्द टाकला, स्पीकरचं चित्र दाबलं, ऐकलं, मिटवलं. असं केलंत तर पहिला अर्थ ऐकलात, तुमचा नव्हे. पान खाली सरकवा. नामाची आणि क्रियापदाची नोंद वेगळी असते, काही वेळा शिशासारखी तिसरी नोंद पार तळाशी असते. तुमच्या वाक्यातला अर्थ ज्या नोंदीखाली आहे तिथलाच स्पीकर दाबा.

केंब्रिज आणि ऑक्सफर्डमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन स्पीकर असतात, मेरियम-वेबस्टर अमेरिकन आहे. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची, म्हणून मी ब्रिटिश धरते. एक धरा आणि धडाभर बदलू नका. अमेरिकन पुस्तक हातात आलं तर सावध राहा: तिथे डाइव्हचा भूतकाळ डोव्ह असतो, स्पेलिंग अगदी कबुतराच्या डव्हचं.

फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या आवाजाला सुटा शब्द विचारू नका. त्याला संदर्भ नसतो, तो त्याच्या मनाने एक उच्चार फेकतो. विचारायचंच तर पूर्ण वाक्य टाका, तरीही शब्दकोशात पडताळा. माझ्या त्या विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडरही लिव्हच्या जागी लाइव्ह म्हणतो. मी एकदा त्याला म्हटलं, मग माझी चूक एवढी का लागली? तो म्हणाला, "मशीन चुकतं ते मला ओळखू येतं. तुम्ही चुकलात तर मी तसंच पाठ करतो."

११. चूक सापडली तर

फक्त तो शब्द कापून नवा चिकटवू नका. आवाजाची पट्टी वेगळी लागते आणि ऐकणारा तिथेच अडकतो. पूर्ण वाक्य पुन्हा वाचा, शक्यतो त्याच वेळेला, त्याच खोलीत, माइकपासून तेवढ्याच अंतरावर.

आणि दुरुस्ती पुरेशी आहे का तेही बघा. मी लेड नायट्रेटचा धडा पुन्हा वाचून दिला, सगळीकडे ‘लेड’. पूर्वपरीक्षेत मुलाने लेखनिकाला उत्तर सांगितलं आणि लेखनिकाने विचारलं, स्पेलिंग? त्याने कानाला जे वाटलं ते सांगितलं: एल-ई-डी. दिव्याचं. उच्चार बरोबर, स्पेलिंग चूक, आणि पानावर ते कसं असतं हे त्याला सांगायचं राहिलं होतं ते माझ्याकडून.

तेव्हापासून धड्यात नवा शब्द पहिल्यांदा आला की मी थांबते आणि आवाज थोडा खाली घेऊन म्हणते, "वाचकाची टीप: लेड, एल, ई, ए, डी. म्हणजे शिसं. टीप संपली." ‘टीप संपली’ हे म्हणायलाच हवं, नाहीतर मुलं टिपेलाही पुस्तकाचाच मजकूर समजून उत्तरात लिहितात. पूर्ण धड्यात अशा चार-पाच टिपा पुरतात, जास्त झाल्या तर ऐकणारा कंटाळतो.

चूक शंकावहीत तारखेसकट लिहा. माझ्या वहीत कालची नोंद एस-एल-ओ-यू-जी-एच. दलदल असेल तर स्लाउ, सापाने कात टाकली तर स्लफ. उद्या सकाळी सापाचा धडा आहे, पहिल्या पानावर हा शब्द तीनदा आलाय, तिन्ही ठिकाणी वर पेन्सिलीने ‘स्लफ’ लिहून ठेवलंय.